चित्तस्वास्थ्याचे नित्य उपाय

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



 मी काही मनोविकारशास्त्राचा पंडित नव्हे. एका तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षे साधा दवाखाना चालविलेला, नाडी व जीभ पाहून औषध देणारा मी एक सामान्य वैद्यक व्यावसायिक आहे. तथापि या पस्तीस वर्षांत एक गोष्ट माझ्या नजरेस वारंवार आली. पोटात गोळा उठतो, डोके जड होते, छातीत धडधडते, झोप येत नाही, अशा तक्रारी घेऊन जी मंडळी दवाखान्याची पायरी चढत, त्यांतील पुष्कळांच्या दुखण्याचे मूळ पोटात वा छातीत नसे. ते घरातल्या एखाद्या न बोललेल्या गोष्टीत असे. यास्तव ‘ताण व चिंता यांवर नित्याच्या व्यवहारातील उपाय’ हा विषय मी आजच्या व्याख्यानासाठी निवडला आहे.

चिता आणि चिंता या दोन शब्दांत एका अनुस्वाराचाच काय तो फरक, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. परंतु आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चिंता ही सर्वस्वी त्याज्य वस्तू आहे, असे मुळीच नाही. मुलीला तिन्हीसांजेनंतर घरी यायला उशीर झाला तर आईच्या जिवाची जी घालमेल होते, ती तिच्या मायेचेच रूप आहे. परीक्षा जवळ आली की अभ्यासू मुलाच्या मनाला जी हुरहूर लागते, तीच त्याला पहाटे उठविते. यर्क्स व डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखवून दिले होते, की उत्तेजन बेताचे असेल तर काम चांगले होते, ते फार वाढले तर अवघड काम बिघडते. तंबोऱ्याची तार सैल राहिली तर सूर लागत नाही आणि अति पिळली तर तुटते, हा अनुभव गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांना नवा नाही. तेव्हा तार काढून टाकणे हा आपला हेतू नाही. ती योग्य सुरात कशी ठेवावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आता हा ताण शरीरात करतो तरी काय, ते थोडक्यात पाहू. श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय आपणांपैकी अनेकांच्या नित्यपाठात आहे. दोन्ही सैन्यांमध्ये रथ उभा राहिल्यावर अर्जुनाची जी अवस्था झाली, तिचे वर्णन आठवून पाहा. त्याची गात्रे शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, कातडीचा दाह होतो, हातातून गांडीव निसटते आणि मन भ्रमल्यासारखे होते. आजच्या काळात एखाद्या रुग्णाने हीच लक्षणे सांगितली, तर डॉक्टर त्यांची नोंद ‘तीव्र चिंता’ अशीच करतील. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अवस्थेची शास्त्रीय उपपत्ती मांडली. संकट दिसताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन नावाचा द्रव रक्तात मिसळतो. त्यायोगे हृदय जलद चालते, श्वास वाढतो, पचनाचे काम थांबते आणि रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते. प्राण्याने एक तर झुंज द्यावी किंवा पळ काढावा, यासाठीची ही निसर्गाची सिद्धता होय. पुढे १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या प्रकारच्या आघातांना शरीर एकाच ठरावीक रीतीने उत्तर देते, हे दाखविले. आघात दीर्घकाळ चालू राहिला तर हे उत्तर देता देता शरीर स्वतःच झिजते, असा सिद्धान्तही त्याने मांडला.

रानात वाघ दिसला, माणूस पळाला, वाघ गेला, की ही सारी सिद्धता आपोआप ओसरते. परंतु आपल्या आजच्या संसारातील वाघ निराळ्या जातीचे आहेत. घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. मुलाचा बारावीचा निकाल, मुलीचे ठरू न शकलेले लग्न, परदेशी गेलेल्या चिरंजिवांचा न आलेला फोन, वृद्ध सासूबाईंची शस्त्रक्रिया, कार्यालयातील वरिष्ठांची मर्जी, यांपैकी कोणाशीही झुंज देता येत नाही आणि कोणापासून पळूनही जाता येत नाही. शरीर मात्र बिचारे रात्रंदिवस सज्ज होऊन बसते. मग रक्तदाब वाढतो, आम्लपित्त होते, झोप उडते, घरात चिडचिड होते. वाघाला घालविणे नेहमीच आपल्या हाती नसते. शरीराची ही व्यर्थ सिद्धता दिवसातून चार वेळा उतरविणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. त्याचे काही उपाय आता क्रमाने सांगतो. त्यांना पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही, लागते ती थोडी नियमितता.

पहिला उपाय श्वासाचा. हृदयाची गती आपण इच्छामात्रे कमी करू शकत नाही, पण श्वास ही अशी एक क्रिया आहे की ती आपोआपही चालते आणि आपल्या आज्ञेतही राहते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबविला की व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाला विश्रांतीची सूचना मिळते. सामान्य प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या वेळी मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. मनात चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. पाच मिनिटे असे केले तरी फरक जाणवतो. श्वास कोंडून मात्र ठेवू नये, विशेषतः दमा वा हृदयविकार असणाऱ्यांनी. या संबंधात एक मनोरंजक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इटलीतील बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात असे प्रसिद्ध केले, की ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा अथवा भारतीय परंपरेतील मंत्र म्हणा, दोन्हींच्या पठणात श्वासाची गती मिनिटाला साधारण सहावर येते. आपल्या घरोघरी सायंकाळी दिव्यापाशी बसून स्तोत्र म्हणण्याचा जो परिपाठ होता, त्यात भक्तीबरोबर हा शारीरिक लाभही नकळत पदरात पडत होता. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी स्तोत्र म्हणावे, ज्यांची नाही त्यांनी अंक मोजावेत. हृदयाला दोन्ही सारखेच मानवतात.

दुसरा उपाय स्नायूंच्या शिथिलीकरणाचा. चिंताग्रस्त माणसाकडे बारकाईने पाहा. त्याच्या भुवया आक्रसलेल्या, दात आवळलेले आणि खांदे कानांकडे ओढलेले दिसतील. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ साली याविषयी ग्रंथ लिहून एक सोपी पद्धत सुचविली. उताणे पडून प्रथम हाताच्या मुठी पाच-सात सेकंद घट्ट आवळाव्यात व मग एकदम सैल सोडाव्यात. नंतर दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या आणि पावले, या क्रमाने तेच करावे. आवळण्याने ताण म्हणजे काय ते कळते आणि सोडण्याने सैलपणा म्हणजे काय ते उमगते. आपल्या हठयोगप्रदीपिकेत शवासनाने श्रम नाहीसे होऊन चित्ताला विश्रांती मिळते असे सांगितलेच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून अशा योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली, ही आपणा महाराष्ट्रीयांना अभिमानास्पद गोष्ट होय.

तिसरा उपाय चालण्याचा. शरीर पळण्यासाठी सिद्ध झालेले असते आणि आपण त्याला खुर्चीत बसवून ठेवतो, हा त्याच्यावर केवढा अन्याय! त्याला थोडे चालू द्यावे, म्हणजे ती साठलेली सिद्धता कारणी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास भराभर चालले की हा हिशेब पुरा होतो. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग असावा. शक्य तर झाडांच्या बाजूने चालावे. रॉजर उलरिख या संशोधकाने १९८४ साली असे दाखविले होते, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना रान कोठून मिळणार, असे कोणी म्हणेल. पण गॅलरीतील चार कुंड्या, त्यांतील तुळस व गवती चहा, आणि सकाळी त्यांना पाणी घालण्याची दहा मिनिटे, एवढे तर कोणालाही साधेल.

चौथी गोष्ट निद्रेची. प्रौढाला साधारण सात तास तरी झोप हवी. ती न मिळाल्यास मन हळवे व तापट होते आणि क्षुल्लक गोष्ट डोंगराएवढी वाटू लागते. आपल्या लोकांना चहाचे प्रेम फार. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जावयास सुमारे पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेला कप रात्री अकराला निम्मा जागाच असतो. म्हणून झोप न येण्याची तक्रार असणाऱ्यांनी दुपारच्या चारनंतर चहा टाळावा. अंथरुणात मोबाईल फोन नेऊ नये. त्याचा उजेड तर बाधतोच, पण रात्री साडेअकराला नातेवाइकांच्या गटावर आलेला एखादा निरोप मनात जे काहूर माजवितो, ते अधिक बाधते. वीस मिनिटे झोप आली नाही तर कूस बदलीत तळमळण्यापेक्षा उठून मंद उजेडात काही साधे वाचावे आणि डोळे जडावले की परत पडावे. उठण्याची वेळ मात्र, रात्र कशीही गेली तरी, रोज एकच ठेवावी.

पाचवा उपाय काहीसा विचित्र वाटेल, पण तो फार गुणकारी आहे. चिंतेला दिवसातील ठरावीक वेळ नेमून द्यावी. बोरकोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हा प्रयोग केला. रोज एकाच वेळी, एकाच जागी, अर्धा तास बसून काय ती काळजी करावयाची. इतर वेळी काळजी मनात डोकावली तर ‘सायंकाळी साडेपाचला ये’ म्हणून तिला परत पाठवावयाचे. असे करणाऱ्यांची दिवसभराची चिंता कमी झाली, असे आढळले. मी माझ्या रुग्णांना यात एक भर घालावयास सांगत असे. त्या अर्ध्या तासात एक वही घेऊन बसावे. पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे आपल्या हातातील गोष्टी लिहाव्यात, उजवीकडे हाताबाहेरच्या. डावीकडील प्रत्येक गोष्टीपुढे उद्या करावयाचे एक लहानसे काम लिहावे. ‘मुलीचे लग्न’ हे काम नव्हे. ‘कार्यालयाच्या भाड्याची चौकशी करणे’ हे काम होय. उजवीकडील गोष्टी नुसत्या लिहून वही मिटावी. मनात घोळणाऱ्या गोष्टीला आकार नसतो, म्हणून ती अनंत भासते. कागदावर उतरली की ती साडेतीन ओळींची होते.

याच्याच जोडीला विचारांची तपासणी येते. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ पासून अशी विचारसरणी मांडली, की घटनेपेक्षा त्या घटनेविषयीचा आपला हट्टी समज आपल्याला अधिक छळतो. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धती रुजविली. ‘मुलाला नव्वद टक्के मिळाले तर बरे होईल’ ही इच्छा आहे. ‘मिळालेच पाहिजेत, नाहीतर सर्वनाश’ हा हट्ट आहे. पहिल्यातून प्रयत्न निपजतो, दुसऱ्यातून धडधड. आपल्या बोलण्यातील ‘च’ या एका अक्षरावर आठवडाभर पाळत ठेवून पाहा, म्हणजे आपल्या पुष्कळ चिंतांचा उगम सापडेल. समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक रचले, त्यांत दोनशेपाच श्लोकांतून मनालाच सज्जन म्हणून संबोधून समजाविले आहे. मनाला शिव्या न देता त्याच्याशी सभ्यपणे संवाद करावा, ही केवढी सूक्ष्म दृष्टी!

आणि आता मी सर्वांत महत्त्वाच्या उपायाकडे वळतो. तो म्हणजे बोलणे. पूर्वी आमच्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसत. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो. त्या ओवीत माहेरची आठवण असे, भावाची वाट पाहणे असे, सासुरवासाचे दुःख असे. एरवी जे उंबऱ्याबाहेर काढावयाची सोय नव्हती, ते जात्याच्या घरघरीत गाऊन मोकळे होता येत असे. खुंट्याला पुष्कळदा दुसऱ्या बाईचा हात लागलेला असे, त्यामुळे ऐकणारीही समोरच बसलेली असे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहावरून आपल्या आयाबायांच्या मनात केवढे साठलेले होते, याची कल्पना येते. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते उत्तमच झाले. जाते परत आणा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु जात्याबरोबर मन मोकळे करण्याची ती जागाही गेली, आणि तिच्या ठिकाणी दुसरी जागा आपण निर्माण केली नाही.

माझ्या दवाखान्यात एक चाळिशीच्या भगिनी आल्या होत्या. छातीत धडधड होते म्हणून तीन ठिकाणी हृदयाचे आलेख काढून झाले होते आणि तिन्ही निर्दोष होते. मी त्यांना खुर्चीवर बसवून घरची चौकशी केली. थोरल्या मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले होते. वरपक्षाने काही मागितले नव्हते, पण ‘आपल्या लोकांत शोभेल असे’ कार्य करावे म्हणून यजमानांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलली होती व वर कर्ज काढले होते. हे बाईंना ठाऊक होते, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे यजमानांना ठाऊक नव्हते. एका घरात, एका ताटाशी बसणारी दोन माणसे एकमेकांपासून एकच काळजी लपवीत होती. मी औषधाची चिठ्ठी लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून यावे, एवढे सांगितले. ते आले, बोलले, कार्यालय बदलले, पंगतीतील पाने कमी केली. धडधड हळूहळू थांबली. औषधाने ती थांबली असती असे मला वाटत नाही.

ऐकून घेणाऱ्याचेही एक शास्त्र आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन आपला विषाद सांगू लागल्यावर भगवंत त्याला मध्ये तोडत नाहीत. तो धनुष्य टाकून खाली बसेपर्यंत ते ऐकून घेतात, आणि मगच बोलू लागतात. आपण मात्र समोरच्याने दोन वाक्ये उच्चारताच ‘यात काय एवढे?’, ‘आमच्या वेळी याहून कठीण होते’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असे उपदेशाचे डोस पाजू लागतो. त्याने माणसाचे मन हलके होत नाही, त्याचे तोंड मात्र बंद होते. मुलगा सांगू लागला, सूनबाई सांगू लागल्या, वृद्ध वडील सांगू लागले, तर दहा मिनिटे नुसते ऐकावे. पुष्कळदा तेवढाच उपाय पुरतो.

काही खोट्या उपायांविषयीही सावध केले पाहिजे. तंबाखूने वा सिगारेटने शांत वाटते, ते बहुतांशी तिचीच तलफ भागल्यामुळे. मद्याने झोप लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते आणि सकाळी चिंता व्याजासह परत येते. शेजाऱ्याच्या डब्यातील झोपेची गोळी मागून घेणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. अशा गोळ्यांची सवय जडते, आणि त्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

आता एक गंभीर गोष्ट. वर सांगितलेले उपाय रोजच्या ताणासाठी आहेत. आजारासाठी ते पुरे पडत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, अन्नावरची वासना उडणे, कारण नसता भीतीचे झटके येणे, नित्यकर्मे अशक्य होणे, अथवा ‘आपण नसतो तर बरे झाले असते’ असे विचार येणे, ही लक्षणे दिसली तर ज्याप्रमाणे मधुमेहासाठी आपण डॉक्टरांकडे जातो त्याचप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. छातीतील धडधड प्रथम आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, कारण कंठग्रंथीच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने १९९० पासून या क्षेत्रात मोठे काम केले आहे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ नावाची दूरध्वनीसेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक आपल्या घरातील दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. कायदा जिला दोषी मानीत नाही, तिला आपण समाजाने दोषी मानावे काय?

येथेच मला आपल्या ज्ञातिसमाजाविषयी दोन शब्द स्पष्टपणे बोलावयाचे आहेत. आपण सारी घरचीच मंडळी आहोत, तेव्हा राग येऊ देऊ नये. मनाच्या आजाराची गोष्ट आपल्या घरांत लपविली जाते, ती मुख्यतः ‘मुलांची लग्ने अडतील’ या भीतीने. म्हणजे ज्या ज्ञातीने आधार द्यावा, तिच्याच भीतीने माणसे उपचारावाचून राहतात. आपण दरवर्षी गुणगौरव समारंभ करतो, आजही केला. व्यासपीठावर आलेल्या मुलामुलींचे मी मनापासून अभिनंदन करतो. पण त्याच वेळी सभागृहाच्या मागच्या रांगांत, पासष्ट टक्के मिळालेला एखादा मुलगा मान खाली घालून बसलेला असतो, आणि आपणांपैकी कोणीतरी सद्भावनेनेच त्याला विचारतो, ‘काय रे, तुझे किती?’ वधूवर मेळाव्यातही ‘अजून जमले नाही का?’ हा प्रश्न असाच सहज विचारला जातो. विचारणारा घरी जाऊन विसरतो. ज्याला विचारले तो रात्रभर जागा राहतो. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यातील लोक म्हणजे दुसरे कोणी नसून या सभागृहात बसलेले आपणच आहोत. आपण काय म्हणावयाचे ते ठरविणे तर आपल्याच हाती आहे, वहीच्या डाव्या बाजूला लिहिण्यासारखी ही गोष्ट आहे.

यास्तव कार्यकारी मंडळाच्या विचारार्थ मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, गुणगौरवात गुणांबरोबर इतर गुणांनाही स्थान द्यावे. आजारी आजीची वर्षभर शुश्रूषा करणारी नात, हातकाम उत्तम करणारा मुलगा, नापास होऊन पुन्हा उभा राहिलेला विद्यार्थी, यांचाही सत्कार व्हावा. दुसरी, महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या सभागृहात कार्यक्रमपत्रिका नसलेली बैठक भरावी. भाषण नाही, हारतुरे नाहीत, केवळ चहा आणि बोलणे. भगिनींची बैठक हवी तर वेगळी असावी, म्हणजे जात्याची ती गेलेली जागा काही अंशी भरून निघेल. तिसरी, ज्या वृद्धांची मुले परगावी वा परदेशी आहेत, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन यावे, आणि त्यासाठी तरुणांनी आपसांत पाळ्या लावून घ्याव्यात. यांपैकी एकीलाही मोठा निधी लागणार नाही.

शेवटी एवढेच सांगतो. आज सांगितलेले सर्व उपाय एकदम आरंभू नयेत, तसे केल्यास त्यांचाच ताण होईल! एकच निवडावा. उद्यापासून पाच मिनिटे श्वास मोजावा, किंवा अर्धा तास चालावे, किंवा रात्रीच्या जेवणानंतर घरातील एका माणसाला ‘आज दिवस कसा गेला?’ असे विचारून त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. तीन आठवडे तेवढे नेमाने केल्यावर मग दुसरा उपाय जोडावा. संसारातील अडचणी त्यामुळे नाहीशा होणार नाहीत, पण त्यांना तोंड देणारा माणूस अधिक शांत व अधिक सावध होईल, याविषयी मला संशय नाही.